बाजेशेजारची उतरंड

माझे दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि कल्याणच्या माहेरी एकच धांदल उडाली. त्या गडबडीत बाळंतिणीच्या खोलीतली उतरंड हलवायची तेवढी राहिली. खाली रांजणाएवढं मडकं, त्यावर जरा लहान, त्यावर आणखी लहान, अशी आढ्यापर्यंत पोचलेली. आत वर्षाचे तांदूळ. आणि तिला खेटून माझी बाज, बाजेवर मी नि माझी नुकती जन्मलेली मुलगी. दुसरीकडे बाज सरकवायला खोलीत जागाच नव्हती.

"आत्या, ही काढ ना इथून," मी दारातून डोकावणाऱ्या आत्याला म्हटलं. विधवा आत्याच आमचं घर चालवायची.

"दहा दिवस नाही. विटाळात हात लागला की मडकी बाटली नि तांदूळही बाटले. मग वर्षभर खायचं काय?"

"आणि पडली तर?"

"कशी पडेल? खरखरीत बुडाखाली गवताची चुंबळ आहे, ती सरकू देत नाही. वरचं वजन खालच्याला दाबून धरतं. मी रचलीय ती."

ते काही खोटं नव्हतं. पण घरामागूनच आगगाडीचे रूळ गेले होते. गाडी आली की मडकी कुरकुरायची. जरा डोळा लागतोय तोच शिट्टी. मी पोरीला भिंतीकडे सरकवायची, लगेच पुन्हा कुशीत ओढायची, मग उगाच मडकी मोजत बसायची. आत्याचा मला मनस्वी राग आला होता. तिला तांदूळ दिसतात, माझं लेकरू दिसत नाही, असं मी आईला बोलूनही दाखवलं. आत्यापुढे आईचं काही चालत नसे.

एका दुपारी घाटाकडून मालगाडी आली आणि मधलं एक मडकं चुंबळीसकट बाहेर सरकलं. मी उठायला गेले, तर पायांत त्राण नाही. मी किंचाळले. सोवळ्यातली आत्या उंबरा ओलांडून धावत आली आणि उतरंडीला मिठी मारून उभी राहिली. सरकलेलं मडकं तिच्या खांद्यावर टेकलं. गाडी काही संपेना.

"आत्या, तांदूळ..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"खड्ड्यात गेले तांदूळ. पोरीला उचल नि बाहेर हो."

भिंतीच्या आधाराने मी कशीबशी बाहेर पडले. आत्याने मान वळवून पोर उंबऱ्यापलीकडे गेल्याचं पाहिलं, आणि मग बाजूला होत हात सोडले.