पाठीला लावलेला कान

समोरच्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय मिस्तरी पुढचं बोलत नसत. भेटले की "जयभीम", मागोमाग कोटाच्या खिशातून गूळ आणि मग ठरलेलं वाक्य, "खाय बाप्पा, रुई उतरते." कापसाच्या जीनमध्ये दिवसभर रुई उडते, नाकातोंडातून छातीत जाते आणि गुळानं ती खाली उतरते, असं तिथं सगळेच मानतात. तुम्ही अकोल्याकडे राहिला असाल तर तुमच्याही हातावर असा खडा कुणीतरी ठेवला असेल. मिस्तरींचा मात्र त्यावर डॉक्टरपेक्षा जास्त भरवसा होता.

साठच्या दशकात मी अकोल्याच्या एका जीनमध्ये वजनकाट्यावर कारकून होतो. सरकी काढायची यंत्रं मिस्तरींच्या ताब्यात. यंत्र बंद पडलं की मालकाचा चेहरा पडे आणि मिस्तरींचा खुले.

त्यांचा एकुलता एक मुलगा इंजिनिअर होऊन विलायतेत नोकरीला लागला होता. तिकडे त्याला मुलगा झाला. रजा काही मिळेना, तेव्हा आईवडिलांनीच वर्षभर येऊन राहावं असं त्यानं ठरवलं. हमीचे कागद पाठवले, बोटीच्या तिकिटांची सोय केली. इकडचे अर्ज मी भरले. जन्मतारीख विचारली तर मिस्तरी म्हणतात, "टाक ना बापा एखादी चांगली पाहून!"

अडचण एकच होती. एवढ्या लांब मुक्कामाच्या व्हिसाला छातीचा फोटो लागत होता, आणि छाती साफ हवी होती.

त्या दिवसापासून गूळ दुप्पट झाला. पहाटे मोर्णा नदीच्या काठानं फिरणं सुरू झालं. रस्त्यात कुणीही भेटलं की मिस्तरी पाठ वळवून उभे. "कान लाव बरं. घरघर हाय का?" भाजीबाजारात माळणींनाही सोडलं नाही. एकदा तर मालकालाच पाठ दिली. मालकानंही कान लावला आणि म्हणाला, "मिस्तरी, आपली सगळी यंत्रं आतच चालू आहेत की!" आम्ही पोट धरून हसलो. मिस्तरीही हसले, आणि हसता हसता असे खोकायला लागले की आमचं हसू जागच्या जागी थांबलं.

फोटो काढून झाले. बाईंचा, म्हणजे मिस्तरींच्या बायकोचा, साफ आला. त्यांचा जन्म शेतात, उघड्या हवेत गेलेला. मिस्तरींचा फोटो डॉक्टरांनी उजेडात धरला आणि त्यांना समोर बसवून सांगितलं, ही छाती आता फार दिवस साथ देणार नाही.

बाहेर आल्यावर मिस्तरींनी माझा हात धरला. "हिले सांगू नको. समजलं तं थे जात नाई."

"मग सांगणार काय?"

"हंगामात मालक सोडत नाई म्हन्तो. हंगाम झाला का येतो म्हन्तो."

नातवाचं नुसतं नाव निघालं तरी फुलणारा हा माणूस. मला तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर, रडू आलं. त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला.

धामणगावचं एक कुटुंब त्याच बोटीनं निघालं होतं, त्यांच्या सोबतीनं बाईंना धाडायचं ठरलं. स्टेशनवर मिस्तरींनी नातवासाठी गुळाची पुडी दिली. बाई म्हणजे चारचौघांत नवऱ्याशी शब्द न बोलणाऱ्या. गाडीनं शिटी दिली तशा त्या मिस्तरींच्या मागे गेल्या, पदर सावरला आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीला कान लावला.

"साफ हाय," त्या म्हणाल्या. "हंगाम झाला का या."

मिस्तरींचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलेला माणूस, तरी त्याला ते खरं वाटलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले.

हंगाम संपायच्या आतच मिस्तरी गेले. मुलाला तार केली, पण एवढ्या लांबून कोण कसं पोचणार?

बाई परतल्या तेव्हा गावात पुन्हा कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या. मी भेटायला गेलो. नातवाचं कौतुक सांगून झालं. न राहवून मी विचारलं, "त्या दिवशी स्टेशनवर तुम्हाला खरंच घरघर ऐकू आली नव्हती?"

"आली ना भाऊ. गाडीचा आवाज आयकू येत नव्हता, एवढी आली."

"मग?"

"मी राह्यली असती तं त्यायले वाटलं असतं, माह्या छातीपायी इचंही नातवाचं तोंड पाह्यचं राह्यलं. थे वझं घेऊन गेले असते."

मग खाली मान घालून त्यांनी हळूच विचारलं, "शेवटी कोनी कान लावला होता का त्यायच्या पाठीले?"

"मी लावला होता. त्यांनीच लावायला सांगितला."

"काय म्हनलं तुमी?"

"साफ आहे, म्हणालो."

बाईंनी मान हलवली. उठून आत गेल्या आणि गुळाचा एक खडा आणून माझ्या तळहातावर ठेवला.

"खा भाऊ," त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य काही त्यांना म्हणवलं नाही.