मौळी भाऊजींचं नाक

आमचे मौळी भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ चंद्रमौळी, जन्मभर दुसऱ्यांसाठी रांधत आले आणि रांधताना कधी जिभेवर थेंब ठेवला नाही. घरच्या विठोबाच्या नैवेद्याला तशीच रीत, आधी चाखायचं नाही. भाऊजी वाफेवरून सांगत, "वैनी, रसममध्ये मीठ कमी आहे." मी म्हणे, "मिठाला कसला वास?" ते हसत. पण कमीच असे.

ह्याच नाकावर त्यांनी पुदुच्चेरीत एका परदेशी कुटुंबाकडे वीस वर्षं काढली. तिथे कोंबडी शिजवायला शिकले, पण खाल्ली कधीच नाही. परत आल्यावर आमच्या गावाबाहेर, आडुतुरैच्या वाटेवरच्या बंगल्यात डॉक्टर प्रवीणकुमारांकडे लागले. डॉक्टर एकटे, वय एक्याऐंशी. मुलगी पवित्रा परदेशी. दर बुधवारी रात्री त्यांना वाइनमधली कोंबडी लागे, त्यांची बायको करायची तशी. मोठं काही नसे. तुकडे लोण्यात लाल करायचे, सांबाराचे छोटे कांदे, लसूण, मिरी घालायची, वर पेलाभर पांढरी वाइन ओतून झाकण ठेवायचं. वाइनचा उग्र वास उडाला की झाली. भाऊजी घरी येऊन विहिरीवर आंघोळ करत आणि मगच उंबरा ओलांडत. मी तरी त्यांचं ताट वेगळंच ठेवत असे.

साथीच्या दुसऱ्या वर्षी ताप आला तो उतरला, वास मात्र गेला. कापूर नाकाशी धरला तरी काही नाही. हे मला एकटीलाच ठाऊक होतं. "डॉक्टरांना सांगू नका वैनी, घालवतील मला. ह्या वयात कोण ठेवणार?" त्यानंतर ते वेळ मोजून रांधू लागले. विष्णूची बारा नावं दहा वेळा म्हणून झाली की वाइन आटली. मी चिडवलं, "देवाला कुठे कुठे नेता हो!" तर म्हणाले, "तो काय, येतो बिचारा."

यंदा गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी बुधवार होता. मंगळवारी रात्रभर त्या भागात वीज नव्हती. संध्याकाळी पाचला भाऊजी सायकलवरून आले आणि दारापुढच्या ओट्याखाली उभे राहिले. हातात केळीच्या पानात काहीतरी होतं. मी सोवळं नेसून कृष्णासाठी सीडै, तांदळाच्या पिठाच्या छोट्या गोळ्या, तळत होते.

"वैनी, जरा दारात या."

"काय ते तिथूनच सांगा."

"कोंबडी आहे. फ्रीज रात्रभर बंद होता. दिसायला बरी दिसते. तुम्ही नुसता वास घ्या अन् सांगा. हातसुद्धा लावू नका."

"अय्यो! डोकं फिरलं का? उद्या कृष्ण येणार घरात, अन् मी कोंबडी हुंगू?"

"लांबूनच घ्या."

"मग पुन्हा न्हायचं, पुन्हा पीठ दळायचं. टाकून द्या की सरळ!"

"बुधवार आहे. म्हातारा सकाळपासून दोनदा विचारून गेला. बरी असली अन् टाकली तर काय सांगू? का टाकली म्हणून? एवढंच सांगा वैनी, हो की नाही."

कढईतली सीडै फुटून तेल उडालं. मी म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा," आणि दार लोटलं. थोड्या वेळाने सायकलची घंटी ऐकू आली.

त्यांनी ती शिजवली. वाइन दुप्पट ओतली, बारा नावं वीस वेळा म्हटली. डॉक्टरांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा मागितला. म्हणाले, "आज वाइन जास्त झाली का रे?" पहाटे उलट्या सुरू झाल्या. आम्ही दारात कृष्णाची पिठाची पावलं उमटवत होतो तेव्हा त्यांना इस्पितळात सलाईन लावलं होतं. रविवारी गेले.

पवित्राचा फोन आला तेव्हा भाऊजी आमच्याच ओट्यावर बसले होते. ती रडत म्हणाली, "वय झालं होतं मामा, तुम्ही खूप केलंत." फोन तिथेच ठेवता आला असता. भाऊजी म्हणाले, "नाही पवित्राअम्मा. कोंबडी खराब होती. मला वास येत नाही, तीन वर्षं झाली. मी लपवलं."

मग तिने विचारलं, "कुणाला तरी दाखवायची होती ना, मामा? कुणीच नव्हतं का?"

मी खांबाला टेकून उभी होते. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नव्हतं, अम्मा."

तिने फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी पळीला हात लावलेला नाही. काल एकादशीचं पारणं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, पायस तरी ढवळा." ते म्हणाले, "नको वैनी, माझ्या हातचं आता देवाला नको." आणि मागे जाऊन विहिरीपाशी बसले. पायस मीच केलं. खाली लागलं. करपल्याचा वास घरभर झाला, विहिरीपर्यंत गेला असेल. ते तसेच बसून होते.

त्यांनी पवित्राला जे सांगितलं नाही ते मी ह्या वहीत लिहून ठेवते. कुणीतरी होतं. मी होते, ओट्यापासून दहा पावलांवर. मला वास येत होता. दार लोटण्याआधीच नासका वास आला होता.