दाजींचं टेन्शन

माझी ताई आमच्याच शहरात, नारपोलीला दिली होती. दाजी तिथल्या एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम, कापड विणायचा यंत्रमाग, दुरुस्त करणारे. सुताला ओढ किती हवी, हे ते नुसतं बोट लावून ओळखत. "टेन्शन जादा है, ढीला कर," असं कारागिराला ओरडून सांगत. तो शब्द मी पहिल्यांदा तिथेच ऐकला.

माणसालाही टेन्शन असतं हे सहा महिन्यांनी कळलं. ताई माहेरी आली तेव्हा तिचा ओठ फुटला होता. "कामाचं टेन्शन असतं त्यांना," ती म्हणाली. आम्ही ते मान्य केलं. आई सरकारी दवाखान्यात आया होती. असे ओठ तिने कितीतरी पुसले होते, तरी तिनेही मान्य केलं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दंगल उसळली. आधी काही दिवस लोक दबक्या आवाजात "टेन्शन हाय" एवढंच म्हणायचे. मग तेवढंही कुणी म्हणेना. खिडकीच्या फटीतून मी एका माणसाला पळताना पाहिलं. मागे सात-आठ जण होते. तो गल्लीत वळला, तेही वळले. थोड्या वेळाने ते परत आले. चालत, काही घाई नसल्यासारखे. तो आला नाही.

कर्फ्यूच्या चौथ्या दिवशी सकाळी दोन तासांची सूट मिळाली. बायका दूध आणि पिठासाठी धावल्या. आई मला म्हणाली, "चप्पल घाल. नारपोलीला जाऊन येऊ."

एरवी नारपोलीत शिरलं की लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी सगळे कारखाने बंद होते, आमच्याच चपलांचा आवाज येत होता. ताईच्या शेजारची उत्तर प्रदेशातली बाई दारातच उभी होती. आम्हाला बघून तिने आईचा हात धरला.

"अच्छा हुआ आप आ गईं. पहले मशीन के शोर में पता नहीं चलता था. तीन दिन से सब सुनाई दे रहा है."

ताई मोरीपाशी बसली होती. एक डोळा सुजून बंद झाला होता. डावा हात मांडीवर होता आणि कोपराच्या खाली भलतीकडेच वळला होता. दाजी खाटेवर बसले होते. पायाशी लूमचा एक लाकडी दांडा पडला होता.

"टेन्शनमध्ये झालं, आई," ते म्हणाले. "कारखाना बंद, बाहेर जाळपोळ. कोंडून कोंडून डोकं फिरलं. त्यात ही उलट बोलली."

आई ताईजवळ बसली. दांडा मी कधी उचलला ते मला आठवत नाही. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा त्यांनी वर केलेल्या हातावर, तिसरा कानावर. ते खाटेवरून खाली पडले तरी मी मारतच होते. आईने मागून माझी कंबर धरली.

"बास! मरंल तो!"

त्या वेळी मी हसत होते, असं ताईने मला नंतर सांगितलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि आयुष्यात कुणाला चापटही मारली नव्हती.

शेजारणीने आपल्या ओढणीने ताईचा हात गळ्यात बांधून दिला. वाटेत एका पोलिसाने काठी उगारली, पण ताईचा हात बघून खाली केली. "लवकर निघा." सूट संपायच्या आत आम्ही दवाखान्यात पोचलो.

शहर शांत झाल्यावर दाजींचे काका दोघा माणसांना घेऊन समेटाला आले. "दंगलीचं टेन्शन होतं हो. तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?"

"टेन्शन मलाबी व्हतं," आई म्हणाली. "मी कुनाला मारलं न्हाय."

मी आत उभी होते. बाहेर जायचं धाडस झालं नाही.

ताई परत गेली नाही. बालवाडीत लागली. पाच-सहा वर्षांनी सोडचिठ्ठी झाली आणि लगेच कळलं की दाजींचं लग्न दापोड्याच्या एका मुलीशी ठरतंय. ताई म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

मुलीच्या वडिलांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, पुरुषमाणसाला टेन्शन असतं."

ताईने कप खाली ठेवला. "मुलीला बोलवा."

मुलगी आली आणि दाराला टेकून उभी राहिली. ताईने तिला सगळं सांगितलं, एकेक मार कुठे बसला ते, आवाज न चढवता. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हिने त्याला असंच मारलं. तेही खरं आहे."

मुलगी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

ते लग्न झालं नाही. आमच्यामुळे मोडलं की दुसऱ्या कशामुळे, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.