संक्रांतीचा गोड हिना

मोठ्या मनानं विसरून जावं, असं मला आयुष्यभर पुष्कळांनी सांगितलं. मला ते जमलं नाही, आणि जमावं असं वाटलंही नाही. मनात धरून ठेवलेल्या माझ्या गोष्टी बऱ्याच आहेत, त्यातली सगळ्यात जुनी एका अत्तराच्या बोळ्याची आहे.

लग्न होऊन मी बोरीहून परभणीत आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि रझाकारांचा धुमाकूळ अजून सुरू व्हायचा होता. माझे यजमान एका वकिलांकडे कारकून होते. कोर्टाचं कामकाज उर्दूत चाले, आणि यजमानांचं उर्दू अक्षर फार देखणं, म्हणून वकिलांनी त्यांना ठेवून घेतलं होतं. वकिलांच्या घरामागच्या गल्लीत दोन खोल्यांत आमचा संसार होता. त्या खोल्याही वकिलांनीच शब्द टाकून मिळवून दिलेल्या. तेव्हा आमची भाकरी त्यांची आणि डोक्यावरचं छप्परही त्यांच्याच ओळखीचं, हे मला पहिल्या दिवशीच सांगून ठेवण्यात आलं होतं.

पहिल्या संक्रांतीला वकीलीणबाईंकडे हळदीकुंकवाला गेले. त्या दर वर्षी संक्रांतीच्याच दिवशी, दिवेलागणीला हळदीकुंकू करत. हळद, कुंकू, वाण हे सगळं घरातल्या इतर बायका द्यायच्या. अत्तर मात्र त्या दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. चांदीची अत्तरदाणी, त्यात हैदराबादेहून आणवलेला गुलाब. एकेका बाईचा हात हातात घ्यायचा, मागच्या बाजूनं बोळा फिरवायचा आणि तो हात नाकाशी नेऊन मान डोलवायची, अशी त्यांची पद्धत होती. गल्लीतल्या बायका त्या मान डोलवण्याची वर्षभर वाट पाहायच्या.

माझी पाळी आली. मी नवी नवरी, हिरवं इरकली लुगडं नेसलेली. उजवा हात पालथा करून पुढं केला. त्यांनी बोटं धरली, हात जरा वर उचलला आणि बोळा तसाच राहिला.

"अगं बाई, हिच्या हाताला धूर लागलाय सगळा. पऱ्हाट्यांच्या चुलीचा," त्या म्हणाल्या. "धुरावर गुलाब कशाला नासवायचा?"

बायका हसल्या. त्याच हातावर तिळगूळ ठेवून त्या पुढं सरकल्या. आमच्याकडं चुलीत कापसाच्या पऱ्हाट्याच जळायच्या, ते काही खोटं नव्हतं. पण पुढं केलेला तो हात परत कसा घ्यावा, हे मला कळेना. तो बराच वेळ तसाच राहिला आणि तेही सगळ्यांनी पाहिलं.

घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "मनावर घेऊ नको. त्यांच्या जिवावर चाललंय आपलं." मी मनावर घेतलं. चांगलं वर्षभर घेतलं.

त्या वर्षीची दसरा-दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि अत्तरवाले चाचा गल्लीत आले. लाकडी पेटी खांद्याला लावून ते दारोदार फिरत, बायका उंबऱ्यातूनच अत्तर घेत. मी त्यांना बसायला पाट दिला आणि सरळ सांगितलं, "चाचा, असं अत्तर द्या की त्याच्यापुढं दुसरं टिकू नये. अन् माझ्या ऐपतीतलं द्या."

ते हसले. "बाई, दो बातां एक शीशी में नक्को मांगो."

पहिल्यांदा त्यांनी गुलाब दाखवला. किंमत ऐकून मीच त्याला बूच लावलं. मग मोगरा दिला. तो परवडत होता, पण मी पीठ मळून होईस्तोवर त्याचा मागमूस राहिला नाही. चाचा म्हणाले, "ठंडी में फूल सोता, बाई. हिना जागता." असं म्हणून त्यांनी पेटीच्या तळातून एक मळकी शीशी काढली. खरा हिना चंदनाच्या तेलात उतरवतात, तो महाग. हा त्यांच्या घरात तिळाच्या तेलावर केलेला, म्हणून स्वस्त. काचेच्या सळईनं त्यांनी थेंबभर हातावर ठेवला. वास उग्र होता, एखाद्या काढ्यासारखा. माझं तोंड वाकडं झालेलं पाहून ते म्हणाले, "रगडना नक्को. जरा गर्मी लगने दो."

ते उद्या परत येणार होते. मी तसाच हात घेऊन कामाला लागले. चुलीपुढं बसून पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि हाताला धग लागली, तसा तो हिना उलगडला. गोड. पाकाला आलेल्या गुळासारखा गोड, आणि खाली कुठंतरी ऊब. मी भाकरी करपेस्तोवर हात हुंगत बसले. नंतर विहिरीवर राखेनं भांडी घासली, गार पाण्यानं हात खसखसून धुतले. वास दबला, गेला नाही. संध्याकाळी दिवा लावताना ज्योतीजवळ हात नेला तर पुन्हा तोच गोडवा वर आला. जुन्या लुगड्याच्या पदरालाही लावून पाहिलं. तिथं मात्र पिवळा डाग पडला, म्हणून कापडाला लावायचं नाही, हातालाच लावायचं, हे ठरलं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले तेव्हा दिवाळीला माहेरहून आलेले चोळीचे पैसे मी त्यांच्या हातावर ठेवले आणि ती शीशी घेतली.

आता बेत सांगते. हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला नाही म्हणायचं नसतं. गरिबाघरचं असो की श्रीमंताघरचं, करंडा घेऊन बाई दारात आली की जायचंच. मी संक्रांतीच्याच दिवशी माझं हळदीकुंकू ठरवलं, दुपार कलल्यावर. म्हणजे माझ्याकडून उठलेल्या बायका नीट वकीलीणबाईंकडे जाणार होत्या, हाताला माझा हिना लावून. त्याच्यावर त्यांचा गुलाब कसा लागतो, ते मला बघायचं होतं.

रीत चुकू नये म्हणून पहिलं आमंत्रण त्यांनाच दिलं.

"आमच्याच दिवशी?" त्यांनी विचारलं.

"दोनच खोल्या हायेत आमच्या, बाई. उजेड असेतोवरच बायका मावतात," मी म्हणाले.

कुंकू लावलेल्या कपाळानं त्यांना नाही म्हणता येईना. "जमलं तर येते," म्हणाल्या. जमणार नव्हतंच.

यजमानांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "नोकरी जाईल माझी."

"हळदीकुंकू केल्यानं कुणाची नोकरी जाती का?"

"तू हळदीकुंकू करायली न्हाईस," ते म्हणाले. "तू दुसरंच करायलीस."

वर्षभरात माणसानं मला चांगलं ओळखलं होतं. त्यांची भीती खोटी नव्हती, ती मला दिसत होती. नोकरी गेली तर परभणीत आम्हाला दुसरं कुणी नव्हतं. तरी बेत काही मी मोडला नाही.

त्या दुपारी सगळी गल्ली आली. बोरं, हरभरे आणि उसाच्या कांड्या असं साधंच वाण होतं. अत्तर मात्र हात राखून लावलं नाही. एकेका हातावर दोनदोनदा बोळा फिरवला आणि प्रत्येकीला बजावलं, "रगडू नका, राहू द्या तसंच." बायका म्हणाल्या, "लय छान हाय गं." तिथून सगळ्याजणी मिळून वकीलीणबाईंकडे गेल्या. मी सगळ्यांत मागं होते.

खिडक्या लावून घेतलेल्या, समया पेटलेल्या. वकीलीणबाईंनी पहिलीच्या हाताला गुलाब लावला, हात नाकाशी नेला आणि मान डोलवायची ती थांबली. दुसरीचा हात हुंगला. तिसरीचा हुंगला.

"हे काय लावून आलात गं सगळ्या?"

कुणीतरी माझ्याकडं बोट केलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. मोलकरणीला हाक मारली, "ऊन पाण्याचं घंगाळ आण. हात धुवा गं, मग लावते."

ऊन पाणी. सगळ्यांच्या आधी मीच घंगाळापाशी गेले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवले. माझ्यामागून एकेक बाई हात बुडवू लागली. पाणी वाफाळत होतं. तिळाचं तेल नुसत्या पाण्यानं निघतंय कुठलं? धग लागली तसा हिना जागा झाला, वाफेबरोबर वर आला आणि त्या बंद बैठकीत कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसला. एक म्हातारी भोळेपणानं बोलून गेली, "आता तर लयच घमघमायलंय." बायका हसल्या. आदल्या वर्षी हसल्या होत्या त्याच.

वकीलीणबाईंनी बोळा अत्तरदाणीत ठेवला आणि झाकण लावलं. पहिलीचा हात सोडला, तर त्या वर्षी कुणालाच गुलाब मिळाला नाही. माझ्या हातावर तिळगूळ ठेवताना त्यांना 'गोड बोल' म्हणावं लागलं, ते त्या भिंतीकडं बघून म्हणाल्या. घरी येऊन मी एक भाकरी जास्त खाल्ली.

नोकरी गेली नाही. यजमान रोज वेळेवर जात, वेळेवर येत. मी एकदा म्हणालेही, "बघा, काय झालं?" ते कोट खुंटीला अडकवत राहिले. त्या थंडीत त्यांची बोटं मात्र फार फुटली. नखांपाशी रक्त येई. काम फार आहे, म्हणत. मी रोज तूप लावून द्यायचे, पुढं विचारायचे नाही.

मग एकदा विहिरीवर वकिलांच्या मोलकरणीनं मला सांगितलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून वकीलीणबाईंनी यजमानांना बैठकीतून उठवलं होतं. मी अजून रोज हिना लावायचे; माझ्या हातनं घडी घातलेल्या यजमानांच्या कोटाला त्याचा वास येत होता आणि त्या वासानं म्हणे बाईंचं डोकं दुखत होतं. बैठकीत शेगडी असायची. यजमान उघड्या ओसरीत, जमिनीवर बसून, दिवसभर अर्ज उतरवायचे. तीन आठवडे ते असे बसत होते आणि मी त्यांना 'काय झालं' म्हणून खिजवलं होतं.

आयुष्यात फार थोड्या वेळा मला माझं चुकल्यासारखं वाटलं आहे. ती त्यातली एक. घागर तशीच टाकून मी घरी आले, बादलीत पाणी काढलं, धुण्याचा सोडा टाकला आणि खुंटीवरचा कोट उतरवला. यजमान निघायच्या तयारीत होते.

"काय करायलीस?"

"वास काढायलेय. एक दिवस घरी ऱ्हावा. उद्यापासून आत बसा."

त्यांनी माझ्या हातातून कोट घेतला. झटकला आणि अंगात घातला.

"वकीलसाहेब परवा हेच म्हणाले," ते म्हणाले. "कोट धुऊन या, आत बसा."

"मग?"

"म्हणलं, एकच कोट हाय, साहेब."

त्यांनी गुंड्या लावल्या. फुटलेल्या बोटांना वेळ लागला, पण मला लावू दिल्या नाहीत. मग माझ्यापुढं उभे राहून त्यांनी कॉलर वर केली.

"आज जरा कोटालाच लाव हिना," ते म्हणाले. "ओसरीतला वारा नीट बाईंच्या माजघरात जातो."

मी फळीवरून शीशी काढली.