तीन आवाजांचं सागवानी पिस्तूल

माझा नवरा पिस्तुलाच्या नादात गेला, असं बोलून राहिले बोरगावातले लोक.

खोटं आहे. हार्ट अटॅकनं गेले. जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या.

त्यांना जाऊन महिना झाला. आज तान्हा पोळा आहे, म्हणून लिहून राहिली मी.

आमचे हे मास्तर, सौंसरला शाळेत विज्ञान शिकवायचे. खरी बंदूक कधी हातात धरली नाही. घरात उंदीर निघाला तर मलाच हाक मारायचे.

पण कुठल्याशा मासिकात एक जर्मन पिस्तूल पाहिलं, व्हीपी-सत्तर. रिटायर झाल्यावर डोक्यात तेच.

"अवं, सत्तर साली प्लास्टिकची बॉडी! तवा सारे लोखंडाच्या मागे."

या पिस्तुलाला मागून एक दांडा जोडता येतो, खांद्याला टेकवायला. दांडा नसला तर ट्रिगर ओढल्यावर एकच गोळी. दांडा जोडून त्याच्यावरचा खटका तीनवर केला, तर एका ओढीत तीन. पिस्तूल ठेवायचं कव्हरही तोच दांडा.

"तीनच काहून जी? चार काहून नाही?"

"चौथीपर्यंत हात वर उचलल्या जाते. ती जाईन आभाळात."

ट्रिगर मात्र भलता जड. नेम धरणारे वैतागायचे. फौजांनी फारसं घेतलं नाही, शेवटी कंपनीनं बनवणंच बंद केलं.

"म्हणजे फेलच झालं ना?"

"फेल नाही वं. लवकर आलं. आता पाह्य, सारेच प्लास्टिकचे बनवून राहिले."

गल्लीतल्या पोरांना तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी मास्तरच कोरून द्यायचे. त्यातून उरलेल्या सागवानाचं त्यांनी हे पिस्तूल बनवलं. गोळी नाही, काही नाही. आत सायकलची स्प्रिंग आणि लाकडाचं दातेरी चाक. दांडा जोडून ट्रिगर पूर्ण ओढला की तीन आवाज यायला पाहिजेत, एवढंच त्यांचं स्वप्न.

येतच नव्हते.

त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते चाकाला कान लावून बसायचे. खांद्याला लावून दाबायला मी. कणकीचे हात पुसून.

टक टक.

"पुन्हा दाब."

टक.

"चाकच चुकून राहिलं," म्हणायचे आणि नवीन कोरायला बसायचे. चाकांनी बिस्किटाचा डबा भरला.

"अहो, दांडा लांब आहे. माझं बोट पुरत नाही नीट."

"नाप जर्मनीचं आहे. त्यात हात घालायचा नाही."

"मग जर्मनीची बाई बोलवा दाबायला!"

त्यावरून दोन दिवस अबोला.

आज संध्याकाळी शेजारची पोरं नंदी घेऊन बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसे, मागायला आली. एकीच्या नंदीचं चाक निघालं होतं. खिळा शोधायला मास्तरांची पेटी उघडली. ते गेल्यापासून उघडलीच नव्हती.

वरच पिस्तूल होतं, दांडा जोडलेला.

दांडा आखूड होता. मागून करवतीनं कापलेला. कापलेल्या बाजूला पॉलिशही केलं नव्हतं अजून. तुकडा तिथंच पडला होता.

अगं बाई! जर्मनीचं नाप कापलं या माणसानं. आणि मला सांगितलंसुद्धा नाही.

खांद्याला लावलं. बरोबर बसलं. बोट ट्रिगरवर नीट पुरलं. जड होता, पण शेवटपर्यंत ओढला.

टक टक टक.

"आजी, अजून एकदा!" पोरं ओरडली.

अजून एकदा ओढला. पुन्हा तीन. मग मी तिथंच रडायला बसली. पोरं घाबरून पळाली, त्यांना परत बोलावून बोजारा दिला.

सून म्हणते, खाली श्रद्धांजलीचं काहीतरी लिहा. मला तसलं येत नाही.

मास्तर, चाक तुमचं बरोबरच होतं. माझाच हात पुरत नव्हता.

तुम्हाला कळलं होतं, तर एक हाक मारायची होती ना जी.

मी स्वयंपाकघरातच होती.