मामांनी ओढलेलं शटर

दुकान बंद करण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा दुकानदार अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. नांदूरघाटात त्यांचं किराणा दुकान आहे. ते उघडं दिसलं की लोक हातातलं काम टाकून पिशव्या घेऊन धावतात, कारण पुढच्या घटकेला काय होईल याचा नेम नसतो. शेजारचं पोर दोनदा शिंकलं, कुणाच्या म्हशीनं वैरण सोडली, की मामांनी (सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात) शटर ओढून दवाखाना गाठलाच म्हणून समजा. एक गिऱ्हाईक छातीवर हात ठेवून ढेकर देत होतं. शेंगदाणे जास्त झालेत म्हणून ते गयावया करत होतं, तरी मामांनी त्याचा ईसीजी काढूनच त्याला परत आणलं.

सुनेशी थेट बोलायचं मात्र या माणसाला भयंकर संकट वाटायचं. मला दिवस गेल्यावर ते रोज दुपारी आत यायचे आणि मांजरीला विचारायचे, "काय गं, आज बाळ हाललं का?" मांजर बिचारी गोंधळायची. मी भिंतीकडे बघून "हो" म्हणाले की स्वारी खूश होऊन दुकानात जायची. बाळही शिस्तीचं होतं. दुपारचा चहा पोटात गेला की त्याच्या ढुशा सुरू व्हायच्या.

नवव्या महिन्यात माझी ओटी भरायची ठरली. नवरा नोकरीमुळे पुण्यात होता. त्या दिवशी चहा झाला, पण ढुशी नाही. आठवून पाहिलं, तर सकाळपासूनही जेमतेम एकदाच काहीतरी जाणवलेलं. मी घाबरून सासूबाईंना सांगितलं. जमलेल्या बायका हसल्या. "आता जागा कमी पडती माय, झोपलं आसंल. गोड खा, बग कसं उठतंय!" मग दोन बालुशाह्या झाल्या, वाटीभर लापशी झाली, वर गार सरबत झालं. बाळ गप्पच. ओटी भरल्याबिगर पाटावरून उठायचं नसतं, म्हणे. डोक्यात गजरा, हातात बालुशाही आणि डोळ्यांत पाणी अशी मी बसून राहिले.

तेवढ्यात दुकानाकडचा पडदा सरकला आणि आमचं बोलणं ऐकून मामा थेट बायकांच्या घोळक्यात येऊन उभे राहिले. "सूनबाई, उठा. ओटी उंद्याबी भरता येती."

मालाच्या टेम्पोतून आम्ही बीडकडे निघालो. कुणाची तरी साखरेची पुडी त्यांच्या हातात तशीच होती. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "तुमच्या नवऱ्याच्या आदी आमाला एक पोरगं व्हतं. पोटात असंच हालायचं थांबलं. मी म्हनलो, आज बाजारचा दिस हाय, गिऱ्हाईक उरकू आन् जाऊ. सांजच्याला गेलतो. तवर काईच राहिलं नव्हतं."

दवाखान्यात पोटाला पट्टा बांधला आणि यंत्रातून ठोके ऐकू आले. मी हुंदके देऊन रडले. "ठोके चांगले आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण शेवटच्या दिवसांत बाळ कमी हलतं, हे खरं नाही. नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली तर खाऊनपिऊन वाट बघत बसू नका, लगेच या. पुन्हा वाटलं तर पुन्हा या." आठवड्यानं पुन्हा तसंच वाटलं आणि आम्ही पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी मला ठेवूनच घेतलं. दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, चांगली ठणठणीत.

वॉर्डात बारशाच्या नावांवरून सगळ्यांचं जोरात भांडण चाललं होतं. मंडळी चहाला गेली तेव्हा नातीला मांडीवर घेऊन मामा एकटे बसले होते. मी विचारलं, "मामा, तुमच्या पहिल्या बाळाचं नाव काय ठेवणार होतात?"

त्यांनी दुपट्याचं टोक सारखं केलं.

"ठरलं व्हतं," ते म्हणाले. "इतक्या वर्सांत कुनी इचारलंच न्हाई."

मग त्यांनी ते नाव मला सांगितलं, आणि आम्ही दोघंही रडलो.