उपाशीपोटी सुई

मला लहानीचा हेवा वाटतो, ही काही घरात लपून राहिलेली गोष्ट नाही. लहानी म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी मोठी, ती लहानी. आमच्याकडे सुनांना अशीच हाक मारतात आणि नावं लग्नपत्रिकेतच राहून जातात. ‘मोठीच्या पोटात दुखून राह्यलं,’ असं सासूबाई पाहुण्यांसमोर सांगतात, पाहुणे हसतात आणि लहानी मान खाली घालून चहा गाळत राहते. तिचं ते मान खाली घालणंसुद्धा मला सहन होत नाही. जरा उलट बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

आमच्या सानगडीत अ‍ॅक्युपंक्चरची सुई आणली ती मी. हे मी कुणालाही ठणकावून सांगते. माझी मान धरली होती, कुठल्याच गोळीने उतरत नव्हती, म्हणून नवऱ्याने मला साकोलीला एका शिबिरात नेलं. तिथे एक निवृत्त शिक्षक सुया टोचायचे, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. माझी मान सुटली आणि मी त्यांचा पिच्छा धरला. पुढची काही वर्षं जिथे त्यांचं शिबिर तिथे मी. आधी पेशंटना रांगेत बसवायला, मग बिंदू शोधायला, मग टोचायला. गुरुजी वारले तेव्हा त्यांचा सुयांचा डबा त्यांच्या मुलाने मला आणून दिला. मी घराच्या छपरीत खाट टाकली आणि कामाला लागले.

रोवण्याचा हंगाम तो माझा हंगाम. चिखलात वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं, लावणाऱ्या बायांच्या कमरा धरतात. बांधीत उतरण्याआधी सकाळीच त्या माझ्याकडे येत. तलावात जाळं टाकणारे खांदे धरून येत. आणि सगळे उपाशी येत. मी तसं कुणाला सांगितलेलं नव्हतं. पण आमच्या भागात जंगलातलं औषध देणारा माणूस, कावीळ असो की मुतखडा, पहिली अट घालतो ती अनशापोटी येण्याची. खाऊन गेलात तर औषध वाया. हे लोकांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की सुई घ्यायलाही कुणी चहाचा घोट घेऊन येत नसे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही त्याच पाण्यावर वाढलेली.

मग व्हायचं असं, की सुया लावल्या की एखादी बाई घामाने डबडबायची, डोळे फिरवायची आणि खाटेवर लवंडायची. तोंडावर पाणी मारलं की उठून बसायची. पहिल्यांदा माझीच पाचावर धारण बसली. पण ती बाई उठून बसली आणि म्हणाली, ‘काय सुई हाय वं मोठे तुयी! पार डोक्शापावतर गेली!’ झालं. मोठीच्या सुईने घेरी येते, म्हणजे सुई भिनते, असं गावोगाव पसरलं. आंधळगावहून एक बाई गाडी करून आली आणि घेरी आली नाही म्हणून रुसून गेली. गुरुजींच्या शिबिरात कुणाला घेरी आल्याचं मला आठवत नव्हतं. त्याचा अर्थ मी असा लावला की गुरुजींचा हात हलका होता आणि माझा बळकट. गुरुजी माझे देव होते, पण एवढ्या एका बाबतीत मी देवाच्या पुढे गेले, असं मनातून वाटायचं आणि बरं वाटायचं.

लहानी पवनीहून लग्न होऊन आली ती या भरात. बारावी सायन्स शिकलेली, हाताने चपळ. ती माझ्याजवळ बसून कापूस द्यायची, पेशंटचा हात धरायची, घेरी आलेल्याला वारा घालायची. बिंदू कसा शोधायचा, कातडी कशी ताणायची, हे तिला मी शिकवलं. तेव्हा मला तिचं कौतुकच होतं. आपल्या हाताखाली कुणी आहे, याचं सुख वेगळंच असतं.

मग राज्यात कायदा आल्याची बातमी नवऱ्याने आणली. सुई टोचायला आता नोंदणी लागणार. नव्या माणसाने मान्यता असलेल्या ठिकाणी अभ्यासक्रम करायचा. माझ्यासारख्या जुन्यांसाठी वेगळी वाट होती, अनुभवाचे दाखले द्यायचे आणि नागपूरला तोंडी परीक्षेला बसायचं. मी म्हटलं, करू सावकाश, कोण येतं सानगडीत बघायला. दिराने मात्र सावकाश केलं नाही. त्याने लहानीला नागपूरला अभ्यासक्रमाला घातलं. ती पहिल्याच परीक्षेत आपटेल आणि परत येऊन कापूस देत बसेल, असं मी धरून चालले होते. ती पास झाली. नोंदणी घेऊन आली. पांढरा कोट घेऊन आली. बॅगेत एकदाच वापरून टाकायच्या सुयांची पाकिटं आणि त्या टाकायला पांढरा डबा.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘बाई, तुमची नोंदणी होईपर्यंत सुई नका लावू. कोणी तक्रार केली त तुमालेच तरास होईन.’

‘मले तरास होईन, का तुले?’ मी विचारलं. सासूबाई तिच्या बाजूने बोलल्या, नवराही बोलला. गुरुजींचा डबा मी फडताळात वर ठेवून दिला. दिराने छपरीत मधोमध प्लायवूड ठोकलं. पलीकडे तिची खाट, तिची पाटी, तिचे पेशंट. अलीकडे मी, सुपात तांदूळ घेऊन. माझेच पेशंट माझ्यासमोरून चपला काढून आत जात आणि जाताना ‘बरं हाय नं मोठी?’ असं विचारत. मी आजारी असल्यासारखं.

त्याहून वाईट पुढेच होतं. लहानी प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारायची, ‘जेवली काय?’ पेशंट नाही म्हणाली की लहानी प्लायवूडवरून आवाज द्यायची, ‘बाई, थोडी पेज द्या नं यायले.’ म्हणजे पेशंट तिचा आणि पेज माझी. जिने इतकी वर्षं सुया लावल्या ती आता रोज सकाळी पातेलंभर पेज रांधून तिच्या पेशंटांना वाढत होती. हातातली पळी कधीकधी मी मुद्दाम आपटायची.

पण देव माझ्याही बाजूने होता असं काही दिवस वाटलं. पेशंट कुरकुरायला लागले. एक बाई बाहेर येऊन माझ्या कानाशी लागली, ‘मोठे, इची सुई लागतच नाई वं. घेरीच नाई येत.’ मी वरवर म्हटलं, शिकेल हळूहळू. आतून मी इतकी खूश झाले की त्या बाईला मी पेजेची दुसरी वाटी वाढली, वर लोणचंही घातलं.

ते सुख फार टिकलं नाही. जाळं ओढून खांदा गेलेली एक बाई होती. माझ्याकडे ती दर खेपेला घेरी येऊन पडायची आणि माझं नाव सगळ्यात जास्त तीच करायची. लहानीकडून ती सुया लावून उठली, डोक्यावर टोपली घेतली आणि सरळ बाजाराला गेली. नंतर दिसली तेव्हा हात वर करून कपडे वाळत घालत होती. त्याच आठवड्यात प्लायवूडपलीकडे कुणीतरी लहानीला विचारलं की तुझ्या सुईने घेरी काहून नाही येत. लहानीने आवाज खाली आणला. तो माझ्यासाठीच खाली आणला हे मला कळलं. पण प्लायवूड ते प्लायवूड. ‘उपाशीपोटी सुई लावली त रक्तदाब खाली जाते, मंग घेरी येते. त्यात सुईचा काही गुण नाही. पडून डोकं फुटन तेवढंच.’

मी तांदूळ निवडत होते, तशीच निवडत राहिले. तेव्हा मला आठवलं की शिबिरात गुरुजी सुया लावायच्या आधी आयोजक सगळ्यांना आलूपोहे वाटायचे. त्यामुळे गुरुजींना जेवल्याचा प्रश्न कधी विचारावाच लागला नाही, आणि मला तो कधी ऐकायलाच मिळाला नाही. राग आला तो आपण चुकलो याचा नाही. लहानीला हे नागपूरहून आल्यापासून ठाऊक होतं आणि तिने मला तोंडावर सांगितलं नाही, याचा आला. मला सांभाळून घेत होती. मी काय म्हातारी झाले होते?

शेवटी नवऱ्यानेच माझ्या अनुभवाचे दाखले नागपूरला पाठवले आणि माझ्या तोंडी परीक्षेची तारीख आली. सासूबाई म्हणाल्या, ‘लहानीले विचार जरा, थे सांगन.’ मी म्हटलं, ‘मी शिकवलं तिले, आता थे शिकवन मले?’ लहानी दारात उभी होती. तिने ऐकलं आणि ती आत गेली. मी गुरुजींच्या आठवणीवर जे येत होतं तेवढ्यावर नागपूरला गेले. सकाळची बस, पोटात कण नाही.

टेबलामागे तिघं होते. बिंदू विचारले, मी माझ्याच हातापायावर दाखवले, अंगठ्याच्या रुंदीने माप घेऊन. त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. मग त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, ‘पेशंट आला, खाटेवर झोपला. सुईला हात लावण्याआधी त्याला पहिला प्रश्न काय विचाराल?’

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं आणि ते माझं नव्हतं. मी म्हटलं, ‘जेवलात का?’ बाईंनी कारण विचारलं. मी लहानीची वाक्यं जशीच्या तशी म्हटली, डोकं फुटण्यापर्यंत. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, जुन्या लोकांना हे बहुधा ठाऊक नसतं, तुम्हाला तुमच्या गुरुजींनी शिकवलं का? हो म्हटलं असतं तर कुणाचं काय जात होतं? गुरुजी हयात नाहीत आणि लहानी तिथे नव्हती. पण मी म्हणाले, ‘नाही. माझ्या जावेनं.’ असं का बोलले, मला आजवर सांगता येत नाही. कदाचित मीच उपाशी होते म्हणून.

‘जाऊ नोंदणीकृत आहे का?’ त्यांनी विचारलं. मग ती कुठे शिकली, कसं बोलते, गावातल्या लोकांना कसं समजावते, सगळं विचारलं. मी सांगत गेले. भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगणारं कुणी हवंच आहे, असं म्हणून त्यांनी तिचा मोबाइल नंबर घेतला. तो मी पाठ म्हणून दाखवला. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

मी पास झाले. नवऱ्याने पेढे आणले आणि प्लायवूडच्या अलीकडे माझी पाटी लावली. लहानीने माझ्या पाया पडून सुयांचं पाकीट दिलं. काही आठवडे मला हेव्याची आठवणही राहिली नाही. सकाळी तिच्याकडे जास्त माणसं की माझ्याकडे, एवढंच मी चपलांवरून बघायची. पेज दोघींच्या पेशंटांना एकाच पातेल्यातून जायची.

मग लहानीला नागपूरहून फोन आला. नोंदणी टिकवायची तर जुन्या लोकांनी अधूनमधून प्रशिक्षणाला बसायचं, आणि भंडाऱ्याच्या प्रशिक्षणात तिने शिकवायचं. ती फोन ठेवून माझ्याकडे आली. ‘बाई, मी नाई म्हणू काय?’ तिने विचारलं. तिने नाही म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं. मी म्हटलं, ‘नाई कायले म्हणतं? जा.’ हे मोठ्या मनाने म्हटलं असं कुणी समजू नये. तिने माझ्यासाठी नाही म्हटलं असतं तर ते उपकार मला जन्मभर वागवावे लागले असते.

साकोलीहून आम्ही एकाच बसने गेलो. खिडकीची जागा तिने मला दिली. वाटेत ती पुटपुटत उजळणी करत होती आणि मी डब्यातला पराठा तिच्या हातात कोंबला, कारण तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. हॉलमध्ये माझ्या वयाचे, माझ्याहून म्हातारे लोक बसले होते. वर्षानुवर्षं सुया लावलेले, आपापल्या गावात नाव असलेले. मी तिसऱ्या रांगेत बसले. ती पुढे उभी राहिली. पहिली काही वाक्यं ती अडखळली, मग तिचा आवाज स्थिरावला. ती आपल्याच बोलीत बोलत होती आणि पांढऱ्या केसांचे बाप्ये वहीत उतरवून घेत होते.

मग ती रांगेने प्रश्न विचारत आली. पहिली रांग, दुसरी रांग. तिसऱ्या रांगेत माझ्या आधीच्या माणसाला विचारलं, मग मला ओलांडून माझ्या पलीकडच्या बाईला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चुकून नाही, मुद्दाम. चारचौघांत मोठ्या जावेला विचारायचं कसं, आणि नाही आलं तर. माझे कान तापले. घरात सांभाळून घेतलं, इथेही सांभाळून घेणार.

तिने पुढचा प्रश्न सगळ्यांना मिळून टाकला. सुई लावता लावता पेशंटला घाम फुटला, तोंड पांढरं पडलं, तर काय कराल? हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, ‘सुई भिनली समजाचं.’ काही जण हसले, काहींनी माना डोलावल्या.

मी हात वर केला. तिने बघून न बघितल्यासारखं केलं. मी हात खाली घेतला नाही. शेवटी ती म्हणाली, ‘सांगा, बाई.’

मी उभी राहिले. सुया ताबडतोब काढायच्या, पेशंटला आडवं करून पाय वर ठेवायचे, सावध झाला की गोड पाणी द्यायचं, आणि घेरी म्हणजे गुण समजायचा नाही, असं मी गरजेपेक्षा मोठ्या आवाजात सांगितलं. वह्यांवर पेनं चालायला लागली. माझं बोलणं लोक उतरवून घेत होते, आणि क्षणभर तो हॉल माझा होता.

‘बरोबर,’ लहानी म्हणाली.

पेनं माझं बोलणं संपल्यावर थांबली नव्हती, ती तिच्या त्या शब्दानंतर थांबली.